गाठोड्याचे तिकीट

संबळाचा आवाज कुठे कानावर पडला की ती घटना लख्ख आठवते आणि अंगात तोच जोर चढतो. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या बाजूच्या डोंगरात एका छोट्या ठाण्याचा मी प्रमुख होतो. पडक्या किल्ल्याच्या पायथ्याला एक जुने गाव. तिथे त्या दिवशी बोहाडा होता. बोहाड्यात देवादिकांचे लाकडी मुखवटे घालून सोंगे नाचतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. आणि नेमका देवीचा मुखवटा देवळातून नाहीसा झाला!

सकाळीच गावचे पाटील धापा टाकत ठाण्यात आले. "सायेब, देवीबिगर बोहाडा व्हायचा नाय. दिवस बुडायच्या आत आणा."

वरिष्ठांना फोन लावला. ते खूश. "आंतरराज्य टोळी असणार! गुन्हा दाखल करा, पत्रकारांचं मी बघतो."

मला टोळी पटेना. देवीच्या चांदीच्या पादुका जागेवर होत्या, कुलूप शाबूत होते. चोर घरचाच. त्या डोंगरातून बाहेर पडणाऱ्या एसटी मोजक्या, म्हणून हवालदाराला आधी स्टँडवर पिटाळले. तो एका कंडक्टरलाच घेऊन आला.

"साहेब, काल एक येडा भेटला," कंडक्टर हसत होता. "मांडीवर गाठोडं. म्हणे याचं पण तिकीट द्या. म्हटलं, बाबा, एवढ्याला लगेज लागत नाही. तर म्हणतो, लगेज नको, सीटचं द्या, फुल!"

"मग?"

"दिलं. गाठोडं खिडकीशी बसवलं आणि हा हात धरल्यासारखा शेजारी. उतरला सातपूरला."

मी टेबलावर हात आपटला. विकायला निघालेला माणूस माल सीटखाली ढकलतो, त्याचे तिकीट काढत नाही! "जीप काढा!"

सातपुरात त्या गावची पोरे कुठे राहतात ते विचारत गेलो आणि एका वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या खोलीत तो सापडला. त्याच गावचा, तिशीतला, लेथवर हेल्पर. खुर्चीवर देवी, समोर उदबत्ती, हा खाली फरशीवर.

"चोरी करतोस?" मी ओरडलो.

"चोरी नाय, सायेब. तिचं सोंग आमच्या घराचं. आजा नाचला, बाप नाचला. देवळाची एक किल्लीबी आमच्याच घरी. मी कंपनीत आलो, तर पाटलानं मान भाच्याला दिला. म्हनला, तू आता शहरवाला. मंग मी नाय तर कोनीच नाय."

माझा आवाज आपोआप उतरला. माझ्या हक्काची नेमणूकही एकदा कोणाच्या तरी भाच्याला गेली होती.

जीपशी आल्यावर तो अडला. "देवी मागं नाय बसायची. पुढं बसंल."

"पुढं मी बसतो!"

"मंग बेड्या घाला. मी येत नाय."

सूर्य कलायला लागला होता. मी मुकाट मागे बसलो. हवालदार खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता.

गावात पोचताच पाटील कडाडले, "आत टाका ह्याला!"

"टाकतो. लेखी फिर्याद द्या. मुखवटा मुद्देमाल म्हणून जप्त होईल, कोर्टात जाईल. सुटेल दोनचार वर्षांनी."

"आन् आजचा बोहाडा?"

"ते तुम्ही बघा. नाहीतर फिर्याद नको. देवी आत्ता घ्या, आणि आज हा नाचेल."

"भाच्याला काय सांगू? निम्मा वेळ तरी..."

"पाटील, मी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीशेजारी वाढलोय. घासाघीस मला शिकवू नका! यंदा हा, पुढच्या साली भाचा. आलटूनपालटून."

पाटलांनी किल्ल्यामागे टेकलेला सूर्य पाहिला. "जमलं," ते म्हणाले.

संबळ घुमू लागला, देवी मांडवात आली आणि सारे गाव उठून उभे राहिले. मुखवट्याआडचा माणूस असा नाचला की माझा हवालदारही ताल धरू लागला.

स्टेशन डायरीत मी लिहिले: मुखवटा मिळून आला, तक्रार नाही. वरिष्ठांची टोळी बुडाली. त्यांनी मला मेमो दिला आणि माझी बढती लांबवली. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. तो मेमो मला आजही अन्याय वाटतो. पण त्या दिवसापासून कोणीही चोरीची तक्रार घेऊन आला की काय गेले हे लिहून घेतल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: याआधी गावात कोणाचे काय काढून घेतले होते? बरेच गुन्हे त्या एका प्रश्नाने उघडले.

त्या संध्याकाळी निघताना ड्रायव्हरने माझ्यासाठी पुढचे दार उघडले. सीटवर कुंकू सांडले होते. मी मागेच बसलो.