खोलीत स्वयंपाकास सक्त मनाई

समुद्र पाहायला जायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली. चार दिवस मी चुलीला हात लावणार नाही. गॅसला नाही, शेगडीला नाही, काडेपेटीलासुद्धा नाही. सगळ्यांनी "हाव, हाव" करत माना डोलावल्या, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. आमच्या घरात ज्या गोष्टीला सगळे पटकन हो म्हणतात ती गोष्ट कधी होत नाही.

आमचं घर चामोर्शीजवळच्या एका गावात. घरी धानाची शेती, ती आमचे हे पाहतात. मी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी, स्वयंपाक करते. सासूबाई आमच्याकडे, पोरगी चंद्रपूरला कॉलेजात. धाकटे दीर शेजारच्या घरात राहतात, पण भाजीला फोडणी बसली की त्यांना आमच्याकडे काही ना काही काम निघतं.

आता इकडे प्रवास कशाला म्हणतात ते सांगते. प्रवास म्हणजे स्वयंपाकघर उचलून दुसऱ्या गावी नेणं. मार्कंड्याच्या जत्रेला जायचं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी तांदूळ, तिखट, भाताचा गंज, ढवळायचा सराटा, लाकडं चढतात, आणि माणसं उरलेल्या जागेत बसतात. देवाचं दर्शन मिनिटभर, झाडाखालची चूल दिवसभर. रामटेक मी पाहिलंय ते कांदा चिरता चिरता. लग्नानंतर पचमढीला गेलो तेव्हा ह्यांनी सोबत दोन मित्र, त्यांच्या बायका आणि एक स्टोव्ह आणला होता. "बाहेरचं खाऊन तब्येत बिघडली तं?" म्हणे. पचमढीचा सूर्यास्त कसा असतो ते मला विचारू नका. खिचडी कशी झाली होती ते विचारा.

तर या वेळी समुद्र. विशाखापट्टण. बल्लारशाहून गाडीत बसलं की थेट. हॉटेल निवडण्यासाठी सगळे जेवण झाल्यावर ओसरीत बसले, आणि पहिला प्रश्न सासूबाईंनीच टाकला.

"हॉटेलात झोपतेत का वं? रातच्याले टेबलं सरकवतेत का काय?"

त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे हॉटेल म्हणजे समोसा, भजी आणि काचेच्या ग्लासात चहा. सुट्टीत घरी आलेल्या पोरीनं मोबाईलवर खोल्यांचे फोटो दाखवले. पलंगावर टॉवेलची घडी घालून दोन बदकं करून ठेवली होती, चोचीला चोच लावून. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "त्या बदकाले आंग पुसाचं?"

दीर सोबत येणार नव्हते, पण आमच्या घरातले समुद्राचे जाणकार तेच. एकदा कुठल्याशा खताच्या कंपनीनं त्यांना तिकडे मीटिंगला नेलं होतं, तेव्हापासून समुद्र त्यांच्या मालकीचा आहे. ते म्हणाले, "वैनी, हॉटेल समुद्राले लागून पायजे. खिडकी उघडली का समुद्र! गावात कोन राह्यते? गाव तं आपल्या इथीबी हाये."

ह्यांच्या अटी वेगळ्या. स्टेशन जवळ आहे का? पाणी चोवीस तास आहे का? आणि गाडी ठेवायला जागा आहे का? मी म्हटलं, आपण रेल्वेनं जाऊन राह्यलो, गाडी कुठी हाये आपल्याजवळ? तर म्हणाले, "गाडी नसली म्हणून काय झालं, जागा तं पायजे."

मग लोकांचे अभिप्राय वाचून झाले. काय एकेक लोक असतात बाई! एकानं तक्रार केली होती की समुद्राचा फार आवाज येतो. त्याला कोणी सांगितलं होतं समुद्रावर यायला? एकीला 'समुद्र दिसणारी खोली' मिळाली, पण दिसायला गच्चीवरच्या दोन टाक्यांच्या मधून निळी पट्टी तेवढी, तीही स्टुलावर उभं राहिलं तर. एक गृहस्थ मात्र भलतेच खूश होते. त्यांनी पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'आम्ही गेलो नाही, पण फोटो सुंदर आहेत.'

आणि मग दिरांना तो फ्लॅट सापडला. समुद्राच्या समोर, दोन खोल्या, आणि...

"सैपाकघर हाये!" दीर ओरडले.

देव प्रकट झाल्यासारखं सगळ्यांचं तोंड उजळलं. गॅस आहे, भांडी आहेत, मिक्सरसुद्धा आहे. हे म्हणाले, आता काही चिंताच नाही, तांदूळ घरूनच नेऊ. पोरगी म्हणाली, "मम्मी, ओट्यापाशी उभी राह्यली का तुले समुद्र दिसन!" म्हणजे फोडणी देता देता मी लाटा पाहायच्या. मी म्हटलं, माझी अट काय होती? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. अट कोणाच्या लक्षात असेल तर शपथ.

"आईले बाहेरचं चालत नाई ना," हे म्हणाले. सासूबाई तिथंच लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. हेच पुढे म्हणाले, "आन् काय मोठं काम हाये? कुकर लावला का झालं. पाच मिनिटाचं काम."

हे पाच मिनिटांचं काम! जन्मभर करते आहे, अजून संपलेलं नाही. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही सगळे जा. समुद्र पाहा, फोटो काढा, मले दाखवा. मी इथीच राह्यते. चूल इथीबी हाये, तिच्यासाठी तिकीट काऊन काढाचं?"

दिरांना घरी काहीतरी काम आठवलं. ह्यांनी मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "मंग तूच पाय हॉटेल." बायकोला हे जमणार नाही अशी खात्री असलेला नवरा जसं म्हणतो तसं म्हणाले.

मला जमलं. मी जन्मभर पेपर तपासले आहेत. चुका शोधत वाचायची सवय आहे. कौतुकाचे अभिप्राय मी उघडलेच नाहीत, फक्त तक्रारी वाचल्या. भर शहरातलं एक हॉटेल सापडलं. एकानं लिहिलं होतं, समुद्र दिसत नाही. चालेल. दुसऱ्यानं लिहिलं होतं, खाली बाजार, चारी बाजूंनी खाण्याची दुकानं, पहाटेपासून डोशाचा वास खोलीत येतो. वा! आणि तिसरी तक्रार वाचून तर मी मोबाईल छातीशी धरला. 'आम्ही सोबत कुकर आणि तांदूळ नेले होते, पण इथे खोलीत साधा भातही शिजवू देत नाहीत. मॅनेजर अतिशय उद्धट आहे.' त्या माणसानं रागारागानं एकच तारा दिला होता. मला तो ध्रुवताऱ्यासारखा दिसला. मी तिथल्या तिथं खोल्या ठरवून टाकल्या.

घरात सुतक पसरलं. समुद्र पाहायला जायचं आणि बाजारात राहायचं! दीर सगळ्या गल्लीत सांगत फिरले, "हे म्हंजे ताडोब्यात जाऊन बसस्टँडावर बसल्यासारखं हाये." शेजारणी मला विचारायला लागल्या, पैसे कमी पडले का वं? ह्यांनी मात्र अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, समजूतदार झाले. एवढी वर्षं संसार करूनही मला असं वाटू शकतं, याचं आश्चर्य मानावं तेवढं थोडं.

निघताना ह्यांनी स्वतःची बॅग स्वतः उचलली. लग्नापासून मी हे दृश्य पाहिलेलं नव्हतं. गाडीत कोणाला तिला हात लावू देईनात. जड काऊन आहे विचारलं तर म्हणाले, "कपडे हायेत."

समुद्राबद्दल तुम्हाला उत्सुकता असेल तर सांगून टाकते. पुढे रोज पाहिला. ऑटोनं जायचो. वैनगंगेला पूर आला की पलीकडचा काठ दिसेनासा होतो ना, तसं. फक्त इथं पाणी उतरत नाही. सासूबाईंनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, पोरीनं त्याच्यासमोर तोंडाचा चंबू करून पुष्कळ फोटो काढले. त्याच्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, आम्ही पोचलो त्याच दुपारचं.

हॉटेल तक्रारींत लिहिलं होतं अगदी तसं होतं. खोली बरी, टॉवेलची बदकं नव्हती, नुसते टॉवेल होते. दाराच्या मागे पाटी: तेलुगू, इंग्रजी आणि हिंदीत. खोलीत स्वयंपाकाला सक्त मनाई. मी ती पाटी दोनदा वाचली. मग निवांत आंघोळीला गेले, कारण बाहेर येऊन मला काहीही करायचं नव्हतं.

बाहेर आले तर पलंगावर बॅग उघडी. आत इंडक्शनची शेगडी, कुकर, घरचा तांदूळ, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. ह्यांचे कपडे बहुतेक अंगावर होते तेवढेच.

"मी तुले सैपाक कर म्हणून राह्यलो काय?" हे म्हणाले. "फक्त भात टाक. बाकी सारं तयार हाये. इथचा तांदूळ कसा राह्यते, मालूम नाई."

"मंग टाका तुम्ही."

"मले शिट्ट्या समजत नाईत ना वं!"

धान पिकवणारा माणूस! आभाळाकडे पाहून पाऊस सांगतो आणि कुकरच्या शिट्ट्या समजत नाहीत म्हणे. माझ्या केसांतून पाणी गळत होतं, अंगाची लाही लाही झाली होती. तोवर ह्यांनी, किती सोपं आहे ते मला दाखवायला, शेगडीची पिन भिंतीत खुपसली. पट् झालं. पंखा थांबला, आमचा, शेजारच्या खोलीतला आणि मग सगळ्या मजल्याचा. दारं उघडल्याचे आवाज आले. पाठोपाठ मॅनेजर आला. तोच तो, एका ताऱ्याचा.

त्यानं शेगडी पाहिली, तांदूळ पाहिला, आणि बोलला कोणाला? मला! "मॅडम, रूम में खाना पकाना मना है. बोर्ड पढ़ा नहीं?"

हे थांबलेल्या पंख्याकडे पाहत उभे. मी म्हटलं, "भैया, मेरे को मत बोलो, इनको बोलो. मैंने बोर्ड दो बार पढ़ा है. ये सब लेके जाओ, और चार दिन वापस मत देना."

उद्धट होता खरा तो. पण शेगडी आणि कुकर काखेत मारून तो जिन्यानं उतरायला लागला, तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालावासा वाटला मला.

ह्यांच्या तोंडाचा फुगा झाला होता, पण भुकेपुढे फुगा किती वेळ टिकतो? आम्ही चौघं खाली उतरलो आणि शेजारच्याच खानावळीत शिरलो. दुपारची गर्दी, स्टीलची भांडी खणखणत होती. वेटर आला. पोरीनं मसाला डोसा सांगितला. ह्यांनी आधी भाताची चौकशी केली, तो मोकळा आहे का, कुठला आहे, आणि मग थाळी सांगितली. सासूबाईंनी शेजारच्या टेबलावरच्या इडलीकडे बोट दाखवलं. वेटर 'एक?' म्हणाला तर त्यांनी दोन बोटं वर केली. मग तो माझ्याकडे वळला.

"मॅडम, आप?"

मी कार्ड उघडलं आणि माझं डोकं रिकामं झालं. खरं सांगते. ह्यांना वरणात लसूण जास्त लागतो, पोरीला वांगं नको, सासूबाईंना भात मऊ हवा, दिरांना रश्श्यावर तर्री दिसली पाहिजे. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा. पण मला काय आवडतं? गंजात उरतं ते. बुडाला लागलेला भात, डाळीचा तळ, दुमडलेली पोळी. ते आवडतं की नाही हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. घरादाराशी भांडून मी इथवर आले होते, आणि आता एक अनोळखी माणूस पेन घेऊन नुसतं विचारत होता, तर मला उत्तर येत नव्हतं. वर्गात उत्तर न येणारी पोरं खाली मान घालतात, तशी मी कार्डात मान घालून बसले. अक्षरं पुसट दिसायला लागली.

ह्यांनी पाहिलं. मला सोडवायला म्हणून, अगदी चांगल्या मनानं, ते वेटरला म्हणाले, "इनको कुछ भी चलता है. इडली लाओ."

"नाई चालत," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच झालं ते. "मले काहीबी नाई चालत."

वेटरला मराठी समजत नसावं, पण तो लिहायचा थांबला. हे काहीतरी बोलायला गेले, तोच सासूबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांब रे बापा. वाचू दे तिले. मले तं वाचताबी नाई आलं कधी."

मी वाचलं. वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ. वेटर दुसऱ्या टेबलाकडे जाऊन आला, ह्यांची थाळी आली, इडल्या आल्या, तरी मी वाचत होते. शेवटी ज्याचं नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं ते मागवलं, पेसरट्टू. हिरव्या मुगाचा डोसा आला, आत उपमा, बाजूला आल्याची जाळ चटणी. सगळे घास हातात धरून माझ्याकडे पाहायला लागले. मी एक घास खाल्ला. मग आणखी एक, खात्री करायला.

"कसं हाये?" पोरीनं विचारलं.

"मले नाई आवडलं," मी म्हटलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"मंग आता हे वाया जाते ना वं," हे म्हणाले.

"वाया काऊन जाईन? तुम्ही खा." मी ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि वेटरला हाक मारली. ह्यांनी मुकाट्यानं माझं उरलेलं खायला घेतलं, आणि मी कार्ड परत पहिल्या पानापासून वाचायला लागले.