काळी पट्टी

टेबलावर डोळ्यांना बांधायची मऊ काळी पट्टी होती. माझ्या मनातला सल काढायला डॉक्टरबाई पुढच्या आठवड्यात भास घडवणारं औषध देणार होत्या. आज फक्त तयारी.

"औषध घेताना मनात काय धरणार, तो हेतू लिहा, काका."

मी लिहिलं, धाकट्या भावाची बरबादी. मी उभारलेल्या दुकानाच्या पाटीवरून त्याने माझंच नाव पुसलं.

"त्याऐवजी माफी लिहाल?"

"अख्खी माफी जमणार नाही. मधलं काहीतरी बोला."

त्या हसल्या. "बरं, मग एवढंच लिहा: जे दिसेल त्याच्यापासून तोंड फिरवणार नाही."

सौदा पटला. सरावाला पट्टी बांधली. डोळे झाकले की टाळलेला माणूसच आधी समोर येतो. भाऊ आला. मी तोंड फिरवलं नाही. बघू, आधी मान कोण खाली घालतो.