आमच्या बँडची सोनल

सोनलला जाऊन आज वर्ष झालं, आणि मला तिचा राग अजून येतो.

आजारी असल्याचं तिनं आम्हाला सांगितलंच नाही.

पुण्याहून फोन यायचा. मी विचारायचो, "कशी हायस?"
"मस्त. काम सुरू हाय."
तेव्हा तिची केमो सुरू होती.

जे तिला ओळखत नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो.

सोनल आणि मी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये समोरासमोर वाढलो. दोघांचेही वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. अकरावीत असताना कुणीतरी नागपूरहून हेवी मेटलच्या सीडी आणल्या आणि आमची डोकी फिरली.

चार जणांचा बँड काढला. तीन पोरं आणि सोनल.
माझ्याकडे ड्रम म्हणजे रंगाचे रिकामे डबे.
सोनलला ना गाता येत होतं, ना काही वाजवता.

"मंग तू बँडमध्ये काय करशीन?"
"बँड दिसंन कसा, थे मी पायतो."

आणि तिनं पाहिलं. भंडाऱ्याच्या बाजारातून साधे काळे टी-शर्ट आणले, फॅब्रिक कलरनं त्यावर बँडचं नाव काढलं. अक्षरं अशी काटेरी, की प्रत्येकाला मुळं फुटलेली.

तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, चष्मा वर करून बघत राहिले.
"हे काय हाय? बाभूळ हाय का?"
"बाबा, वाचाले नाही हाय थे. पाहाले हाय."

बँडचा एकच शो झाला. क्वार्टर्सच्या गणपतीत.
दुसऱ्याच गाण्याला मंडळाच्या अध्यक्षांनी माईकची वायर काढली.

पण स्टेजमागचा पडदा सोनलनं रंगवला होता. काळ्या कापडावर नुसत्या पांढऱ्या रेघांचा गणपती. गाणं बंद पडलं, पडदा मात्र विसर्जनापर्यंत राहिला. त्याच्यापुढे उभं राहून लोक सहकुटुंब फोटो काढत होते.

तो पडदा पाहून भंडाऱ्यातल्या एका फ्लेक्सवाल्यानं तिला कामाला बोलावलं.

बारावीनंतर ती तिथं बसू लागली. नेत्यांचे वाढदिवस. दहावीचे गुणवंत. मग कोंढ्याच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, बॅनर आला, आणि बाईनं बैलांची नावं आमच्या मेटलच्या अक्षरांत टाकली.

पटवाले तणतणत आले. "कोणता बैल कोणाचा, काईच वाचता येऊन नाही राहिलं!"

सोनल भांडली नाही. बसून सगळं बदलून दिलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "मालकाले आपल्या बैलाचं नाव वाचताबी आलं पायजे ना बे. मले आजच समजलं."

माझ्या मते ती त्या दिवशी डिझायनर झाली.

काकांना मात्र हे पटत नव्हतं. पोरीनं फॅक्टरीत अप्रेंटिस करावं, अशी त्यांची इच्छा.
"भुताची अक्षरं काढून पोट भरते का?"

तिनं डिझाइन कॉलेजला अर्ज केला. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. घरात त्यावर कुणी बोललं नाही, ते जास्त लागलं तिला. दुसऱ्या वर्षी लागला. काकूंनी डबा बांधून दिला.
काका स्टेशनवर आले नाहीत.

पुढे पुण्यात एका स्टुडिओत नोकरी. बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी, कुठल्या कुठल्या ॲपचे स्क्रीन. मग टीम लीड. मग क्रिएटिव्ह हेड.
मी पार्टी मागितली, तर म्हणाली, "कायची पार्टी? चित्र काढणं बंद झालं माहं. आता दिवसभर पोरायले अन् क्लायंटले समजावतो."

सुट्टीत ती घरी यायची. काका विचारायचे, "जेवण होते ना वेळेवर?" ती हो म्हणायची. कामाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही.

शेवटच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीनं काकूंना फोन केला. काका, काकू आणि मी पुण्याला गेलो.

हॉस्पिटलमध्ये काका पलंगाजवळ स्टुलावर बसले. किती तरी वेळ नुसते तिच्या पायावरची चादर नीट करत होते.

"सांगाचं नाही का बाई?"
"बाबा, तुमी घाबरले असते."
"मंग घाबराले बाप नाही, त कोण हाय?"

सोनलला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तेरवीला तिची टीम पुण्याहून घरी आली. सगळी पंचविशीतली. अंगणात एका कोपऱ्यात बसून होती. जेवणं झाल्यावर काका उठले आणि त्यांच्यात जाऊन बसले.

"माही पोरगी आफिसात काय करे? मले कधी समजलंच नाही."

मग श्रेया नावाची मुलगी म्हणाली, "काका, एकदा माझी चूक झाली होती. पॅकेटवर चुकीचं छापलं गेलं, सगळा माल परत आला. मीटिंगमध्ये क्लायंट ओरडत होता. सोनल मॅम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे माझ्याकडून बघायचं राहिलं. त्यांचं प्रमोशन अडलं त्याच्यानं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, आधी रडून घे. मग नवीन फाइल उघड, मी बाजूला बसते."

"बसली का मंग?"
"काम संपेपर्यंत."

काकांनी मग डोळे पुसले आणि आत हाक मारली, "अवो, यायले चहा टाका. लांब, पुण्याले जाऊन राहिले पोरं."

श्रेया आता रविवारी काकांना फोन करते. परवा मी तिथंच होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले,
"हं, सांग बाई. काय काढून राहिली सध्या?"

पुढचा अर्धा तास ते ऐकत होते.

सोनल, तुझ्या बँडकडून आणि घरच्यांकडून, मनापासून निरोप.