वीतभर आखूड पडदे

पडदेवालीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या. स्वतःची म्हणावी अशी एकही खिडकी तिच्या वाट्याला आली नव्हती. एकवीस वर्षांत चार भाड्याची घरं झाली, आणि आता चौथ्या घराच्या मालकानेही दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. मशीनची सुई पुढे जाई, मन मात्र एकाच जागी टाके घालत बसे.

नवरा धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बातमी त्यानेच आणली. पाण्याकाठच्या वस्तीत तळमजल्यावर दोन खोल्या विकायच्या होत्या.

"पाण्याकाठी, आणि आपल्याला झेपतील अशा?" तिच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"अगं, आपलं नशीब कधी उघडायचंच नाही का? की त्यालाही पडदा शिवून ठेवलायस?"

रविवारी सकाळी दलाल दोघांना घर दाखवायला घेऊन गेला. "वहिनी, वारा बघा. इथे पंख्याला कायमची सुट्टी!" रस्त्यापलीकडे दगडी कठडा होता, त्याच्या मागे पाणी चकाकत होतं. नवऱ्याने नळ सोडून पाहिले, भिंतीवर ठकठक केलं. रंग ताजा होता. तिची नजर मात्र पडद्यांवरून हलेना.

वाढत्या पोराच्या अंगावर गेल्या वर्षीची विजार दिसावी, तसे ते जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. आणि कडेची दुहेरी शिलाई तिच्याच हातची होती.

तीन वर्षांपूर्वी एक वयस्कर नर्स सहाच्या सहा पडदे दुकानात घेऊन आली होती. "वीतभर कापा. जमिनीवर लोळतात." एवढं भारी कापड कापताना हिचा हात अडखळला होता. सगळ्यांच्या खालच्या कडेला एकाच उंचीवर मातकट रेघ होती, कुबट वास येत होता. हिने विचारलं नाही. गिऱ्हाइकाला वासाबद्दल कोण विचारतं?

तेवढ्यात तीच बाई, या घराची मालकीण, पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. दोघींची नजरानजर झाली. ट्रेमधले पेले किणकिणले.

"पाणीबिणी शिरतं का हो?" नवऱ्याने विचारलं.

"छे छे!" दलाल म्हणाला. "कठडा केवढा आहे बघा."

बाईने पेले पुढे केले. पडदेवाली पडद्याची कड चाचपत होती. बोलावं तर घर हातचं जाणार, न बोलावं तर जन्मभर त्या कठड्यावर डोळा ठेवून बसायचं. शेवटी तिने नवऱ्याला आणि दलालाला विजेचा मीटर बघायला बाहेर पिटाळलं.

"ताई, किती वर आलं होतं?"

बाई खुर्चीत बसली. "ओळखलंत तर."

"शिलाई माझीच आहे."

"बावीस वर्षांत एकदाच आलं. वीतभर. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. तोवर मी पलंगावर पाय वर घेऊन एकटी बसून होते. पुन्हा तसं बसवणार नाही मला. बहिणीकडे जायचंय. पण खरं सांगितलं तर घेणार कोण?"

"पुन्हा येईल?"

"येईल," बाई म्हणाली.

नवरा दलालासोबत आत आला तसं पडदेवालीने त्याला सगळं सांगून टाकलं. तो 'चल इथून' म्हणेल आणि आपण सुटू, असं तिला वाटलं होतं. त्याने खाली वाकून भिंतीवर एक वीत मोजली.

"म्हणूनच झेपतंय," तो म्हणाला. "कोरडं घर आपल्याला कोण देतंय? तू सांगशील तसं."

आता सगळं तिच्यावर आलं. दोन महिन्यांतले बारा दिवस संपले होते. या घराचं वाईटातलं वाईट तिला ठाऊक झालं होतं. पुढच्या घराचं कोण सांगणार?

"ताई, विजेची सगळी बटणं कमरेच्या वर घेऊन द्या. मग सह्या करू."

दलाल हसला. "वहिनी, पाण्याला एवढं भिता, आणि घर घेता?"

"भिते म्हणून तर बटणं वर मागतेय," ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेवर टेकून पाय वर घेऊन पाहिले.