जरा तब्येत बिघडली, चला

गोरेगावच्या जीप स्टँडवरून शकीलभाईची जीप सकाळी सातला रिकामी निघाली, की चहावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे हातातलं काम टाकून तिकडे बघतात. एरवी बारा माणसं कोंबल्याशिवाय हा बाबा चावी फिरवत नाही. रिकामी जीप म्हणजे कुणाच्या तरी घरी मयत झाली आणि हा त्यांच्या लेकीला सासरहून आणायला चालला. स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकून मला एकवीस वर्षं झाली. फॉर्म भरून देतो म्हणून लोक मास्तर म्हणतात, शाळेत मी कधी खडू धरलेला नाही. पण इतक्या वर्षांनंतरही ती रिकामी जीप पाहिली की माझा हात मशीनवर थांबतो.

आमच्याकडे सासरी नांदणाऱ्या लेकीला 'बाप गेला' असं कुणी सांगत नाही. 'तब्येत जरा बिघडली, चला' एवढंच सांगायचं. ती काय समजायचं ते समजते, पण वाटभर तिच्या जिवाला थोडी आशा राहते. दारात टॉवेल खांद्यावर टाकून बसलेली माणसं दिसली की मग ती हंबरडा फोडते. तोवर सावरायला आईचे, काकूचे हात जवळ आलेले असतात. हे काम शकीलभाईला कुणी नेमून दिलं नाही. जीप त्याची आणि जीभ गोड, म्हणून तीस वर्षं बौद्ध, मराठा, मुसलमान, तांड्यावरचे, सगळे त्यालाच बोलावत आले.

ऐन तरुणपणी त्याने एकदा सरळ सांगून टाकलं होतं. तांड्यावरच्या वसरामची बहीण होती ती. ऐकताक्षणी तिने चालत्या जीपमधून उडी घेतली आणि जन्माची लंगडी झाली. ती अजून आठवडी बाजाराला येते, आणि ती दिसली की शकीलभाई मान खाली घालतो. "'जरा' म्हनायचं, मास्तर," तो मला सांगायचा. "'लई सिरियस' म्हनलं की मानूस वाटंतच मोडतं. खोटं बी बराबर मापात बोलावं लागतं." त्या वाटेवर तो गाणी लावायचा नाही, जीप पळवायचा नाही. पिकापाण्याचं काहीबाही बोलत राहायचा. मला विचाराल तर अशी दहा माणसं जिल्ह्यात नाहीत.

आणि इकडे आमच्या स्टँडवरची पोरं! विशी-बाविशीचे घोडे, पण एक वाक्य धड बोलतील तर शपथ. सगळी भाषा मोबाईलमधून आलेली. ऊन लागलं की 'मेलो भावा', पेपर अवघड गेला की 'खल्लास', पोरीने ब्लॉक केलं की मित्र त्याच्याच फोटोला हार चढवून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकणार. खाली पन्नास जण दात काढणार. 'आईशप्पथ' तर उठता-बसता. मी एकदा खेकसलो, "लेको, अभद्र काहून बोलता रे? वास्तू तथास्तु म्हणते." तर त्यांनी माझाच व्हिडिओ काढला. तीन दिवस गावातली शेंबडी पोरं मला बघून 'तथास्तु' म्हणत होती.

या टोळीचा म्होरक्या सूरज, आमच्या कोंडीबाचा मुलगा. पोरगं वाईट नव्हतं. बापाला दुपारचा डबा शेतात नेऊन द्यायचं, आईला दवाखान्यात न्यायचं. पण एक एप्रिलला त्याने जे केलं, त्याची मला आजही चीड येते. नाकात कापूस घालून स्वतः बाजेवर निजला, मित्रांनी फोटो काढला, हार चढवला आणि स्टेटसला टाकला. त्याची थोरली बहीण आकांक्षा डोंगरकड्याला दिलेली. तिने तो फोटो पाहिला आणि फोन केला. पोटात पाच महिन्यांचं लेकरू, आणि ती फोनवर ऊर बडवून रडत होती. या दिवट्यांनी तिचं ते रडणं रेकॉर्ड केलं, त्याला गाणं जोडलं आणि टाकून दिलं. अख्ख्या तालुक्याने ऐकलं. डोंगरकड्यात बाया तिला ऐकवून हसल्या. कोंडीबाने पोराच्या दोन कानाखाली वाजवल्या, पण बाण सुटून गेला होता. आकांक्षाने आईला सांगितलं, "माय, मले पुन्हा रडवून दाखव म्हनाव तेले." शकीलभाईने हे माझ्या दुकानात बसून ऐकलं. मग म्हणाला, "मास्तर, हे चांगलं न्हाई झालं." नंतर चहाही न घेता उठून गेला.

मे महिन्यात, पहाटे पाचला, कोंडीबा अंगणात पाणी भरताना छातीला हात लावून खाली बसला. तो परत उठला नाही. माझ्याच वयाचा माणूस. सातला शकीलभाईची जीप रिकामी निघाली. निघण्याआधी त्याने सूरजच्या मित्रांना हात जोडले, "बाबांनो, लेक घरी येईस्तोवर मोबाईलवर काई टाकू नका." पोरांनी माना डोलावल्या. पण तोवर एकाने टाकून झालं होतं. कोंडीबाचा हसरा फोटो, हार, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तुटलेलं काळीज. पोराला खरंच वाईट वाटलं होतं हो. पण वाईट वाटल्यावर लिहायला त्याच्याकडे दुसरं होतं काय?

पुढचं शकीलभाईने मला सांगितलं. साडेनऊला तो डोंगरकड्याला पोचला. जावई प्रज्ञेश चाकणला कंपनीत, कामावर असताना त्याचा फोन लॉकरमध्ये. सासू रुख्मिणीबाई बाजाराला गेलेल्या. आकांक्षा एकटीच घरी, दारात गहू निवडत बसलेली. शकीलभाईने पाणी मागितलं, ते प्यायला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बेटी, तुह्या बाबाची तब्येत जरा बिघडली. चल."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि खुदकन हसली. "काका, तुमाला बी सामील करून घेतलं व्हय त्यानं?"

तिने मोबाईल पुढे केला. बापाचा फोटो तिने सकाळी सातलाच पाहिला होता. त्याखाली तिने हसून लोळणारे तीन चेहरे टाकले होते. शकीलभाई म्हणतो, तीस वर्षांत इतका घाम कधी फुटला नव्हता. त्याची सगळी कला त्या 'जरा'मध्ये होती, आणि आता तो 'जरा' कवडीमोल झाला. सरळ सांगावं, तर ती सातव्या महिन्याला लागलेली पोटुशी, आणि डोळ्यांसमोर वसरामची बहीण. अर्धा तास त्याने नाना परींनी विनवलं. शेवटी जन्मात दुसऱ्यांदा त्याने खरं बोलून टाकलं. "बेटी, कोंडीबा गेला. अल्लाकसम."

"सूरज बी प्रत्येक व्हिडिओत आईशप्पथच म्हनते," ती म्हणाली आणि पुन्हा गहू निवडू लागली.

शकीलभाईने सूरजला फोन लावून तिच्या कानाशी धरला. तो हमसून हमसून रडत होता. "ताई, ये ना लवकर. बाबा गेले. आईशप्पथ, खरंच गेले." ती शांतपणे म्हणाली, "मस्त अ‍ॅक्टिंग करून राहिला. कर रेकॉर्ड. या वक्ताला मी रडनार न्हाई." त्याने व्हिडिओ कॉल केला, बाजेवरचा बाप दाखवला. तिने नाकातला कापूस पाहिला आणि फोन कापला. म्हाताऱ्या बापालाही या वयात नाचवता, लाजा नाहीत, असं म्हणून तिने शकीलभाईच्या तोंडावर दार लावून घेतलं. शेजारणी गोळा झाल्या. त्यांच्याकडेही तोच फोटो आला होता, आणि खरं की खोटं हे एकीलाही सांगता येईना.

इकडे आम्ही फोनवर फोन करत होतो. शकीलभाई नुसता "निघतोच, निघतोच" म्हणायचा. तोही खोटं बोलत होता, आणि ते आम्हाला कळत होतं. बाराला घेतलेली बर्फाची लादी दोनला विरघळली. कोंडीबाच्या बायकोने, पद्माबाईंनी, नवऱ्याचे पाय धरले होते. त्या सोडायला तयार नव्हत्या. "माही लेक येतेय, तिला तोंड पाहू द्या." पोटची लेक आल्याशिवाय आम्ही मयत उचलत नाही. पण ते ऊन बघून जाणती माणसंही घड्याळाकडे बघू लागली.

तीनच्या सुमाराला रुख्मिणीबाई बाजारातून आल्या. त्यांच्याकडे मोबाईल नाही, असता तरी लावता आला नसता. शकीलभाईने त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली, दार वाजवलं, सुनेचा दंड धरला आणि एवढंच म्हणाल्या, "पोरी, चपला घाल." तेवढ्यावर आकांक्षाचा चेहरा पांढरा पडला. शकीलभाईने पहिल्यांदाच मयतीच्या वाटेवर जीप पळवली.

शकीलभाईचा 'निघालो' असा फोन आला, पण तसं तो सकाळपासूनच म्हणत होता; आम्ही साडेचारपर्यंत थांबलो. मग बुद्धवंदना झाली आणि पाचला सूरजने अग्नी दिला. जीप आली तेव्हा जाळ माणसाच्या डोक्यावर गेला होता. आकांक्षा उतरली. बाया सावरायला धावल्या, त्यांना तिने बाजूला सारलं. ती चितेकडे गेली नाही, सरळ सूरजकडे गेली आणि तिने त्याची कॉलर धरली.

"खरं होतं तं नीट काहून न्हाई सांगितलं रे? बाबाचं तोंड बी न्हाई पाहू देलं मले!"

सूरज तसाच उभा राहिला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. "ताई, रडून सांगितलं. आईची शपथ घेतली. बाबा दाखवला. अजून कसं सांगू?"

तिचा हात कॉलरवरून गळून पडला. माझ्यासारख्या खेकसणाऱ्या माणसालाही त्या पोराला शिवी देववली नाही. शकीलभाई जीपपाशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्या दिवसापासून त्याने मयतीला जाणं सोडलं. आता लोक लेकींना फोन करतात.