परबताईंची बारावी नळी

नळी चुंबकाला टेकवली की परबताई हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि ओठ हलवत शंभरपर्यंत आकडे मोजायच्या. समोर भिंतीवर घड्याळ होतं. "त्याचा काटा अडकतो, माझा नाही," म्हणायच्या.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. घोडपदेवच्या चाळीतून रोज चालत यायच्या. मी फणसवाडीतली संशोधक विद्यार्थिनी, आणि माझ्या अंगात घाई फार. आमचं काम असं: रक्तात चुंबकाकडे ओढले जाणारे अतिसूक्ष्म कण सोडायचे. कर्करोगाची पेशी भेटली की ते तिला चिकटतात. मग चुंबकाने तिला नळीच्या कडेला धरून ठेवायचं, बाकीचं सगळं धुऊन टाकायचं आणि उरलेलं सेन्सरवर तपासायचं. धुणं कच्चं राहिलं तर सेन्सर निरोगी रक्तातही कर्करोग दाखवतो. म्हणून धुण्याचं काम परबताईंकडे. मी मध्ये लुडबुड केली की म्हणायच्या, "घाई कित्याक गो? जरा दम धर. येऊ देत सगळे कडेला."

तुलनेसाठी बारा निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. अकरा जण मिळाले. बाराव्या वेळी ताईंनी स्वतःच बाही वर केली. "घे. मालवणी रक्त आहे, मशीन खूश होईल."

अकरा नळ्या स्वच्छ आल्या. बाराव्या नळीला सेन्सरने भलताच मोठा आकडा दाखवला. पुन्हा तपासलं, तरी तेच. दुसऱ्या दिवशी मला सरांपुढे निष्कर्ष मांडायचे होते आणि ही एक नळी माझा आलेख बिघडवत होती. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "ताई, ही तुम्ही नीट धुतली नाहीत."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "चुकलं असेल गो."

मी वहीत लिहिलं, 'नळी बारा, धुणं अपुरं, बाद.' हाच शेरा पुढे शोधनिबंधातही छापून आला. नंतर कितीतरी दिवस त्या प्रत्येक नळी तीनऐवजी पाच वेळा धुवत राहिल्या. मी ते बघत होते आणि, खरं सांगते, मला त्यात बरंही वाटत होतं. त्याच हातांनी त्याच दिवशी बाकीच्या अकरा नळ्या धुतल्या होत्या, हे मला दिसत नव्हतं असं नाही. सेन्सर अजून चाचणीतला होता, एका आकड्यावरून काही ठरत नाही, हेही खरं. पण "एकदा डॉक्टरांना दाखवून या" एवढं सांगायला माझं काय जात होतं?

वर्षभराने त्यांच्या आतड्यात गाठ सापडली. तोवर ती पसरली होती. घोडपदेवला भेटायला गेले, तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

"तेव्हाच बोलली असतीस तर दाखवून तरी आले असते," एवढंच त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आणि माझा हात चुकला म्हणून लिहिलंस ते? खोडलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग झालं तर." त्यांनी डोळे मिटले.

महिन्याभरात त्या गेल्या. त्या निबंधावर मला पदवी मिळाली, मग नोकरीही. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र मी चार वेळा लिहिलं. एकदाही पाठवलेलं नाही.