तेल न लावलेला दसरा

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मी चांद्याजवळच्या एका कोळसा खाणीत बचाव-खोली सांभाळत होतो. खाणीत विषारी वायू कोंडला की पाठीवर ऑक्सिजनचा पोलादी सिलिंडर बांधून पाच माणसं आत उतरत. ते पाच आणि एक जादा, असे सहा सिलिंडर भरणं आणि जपणं माझ्याकडे होतं.

सिलिंडर पाण्याच्या टाकीत उभा करायचा, मोठ्या सिलिंडरमधून सावकाश भरायचा, तापला की थांबायचं. वापरून झाला तरी पार रिकामा करायचा नाही, नाहीतर आत ओल शिरून गंज धरतो. आणि तेलाचा थेंबही जवळ येऊ द्यायचा नाही. हा शेवटचा नियम भिंतीवर इंग्रजीत टांगला होता आणि मी तो दिवसातून दहादा ओरडून सांगायचो. ओरडण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. कारण मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही.

तुकडीतला सगळ्यात भरवशाचा माणूस चिमूरकडचा शेतकरी होता. वयानं मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला मास्तर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सिलिंडर भरायला घेतला आणि जवसाच्या तेलाचा वास आला. सहाही सिलिंडरांना हळद-कुंकू लावलेलं, आणि झडपांवर तेल चोपडलेलं. माझा हात ऑक्सिजन सोडायच्या चावीवरच होता. मी तो झटकन मागं घेतला.

"कोनं केलं हे?"

"मी," भाऊ खुशीत म्हणाला. "नांगराले तेल लावतो, बंडीच्या चाकाले लावतो. हे तं आपला जीव वाचवते, मास्तर. याले कोरडं ठेवू काय?"

मी तोंडाला येईल ते बोललो. चावी फिरवली असती तर खोलीसकट आम्ही दोघं गेलो असतो.

"साहेबाले सांगसान तं माही नोकरी जाईन," भाऊ मान खाली घालून म्हणाला. "पन तेलानं काय होते, हे तं कोनी सांगतलंच नाई."

मला लाज वाटली. त्याचं खरंच होतं.

काचेच्या बाटलीत मोठ्या, तेल न लागलेल्या सिलिंडरमधून थोडा ऑक्सिजन भरून मी भाऊला बाहेर मोकळ्यावर नेलं आणि पूजेतली उरलेली उदबत्ती पेटवून, धुमसती आत सोडली. ती भपकन पेटली. भाऊ दोन पावलं मागं सरला.

"नुसती काडी अशी पेटते, भाऊ. तेल असतं तं? ते तं ऑक्सिजन जोरानं सुटला का बिनकाडीचंच भडकते."

साहेबाला मी सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून. त्यानं माझी चांगलीच खरडपट्टी काढली, पण भाऊची नोकरी राहिली. सगळ्या झडपा खोलून आम्ही दोघांनी सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या आणि उन्हात वाळवल्या.

पुढच्या दसऱ्याला भाऊ फक्त झेंडूची माळ घेऊन आला. हात राखेनं घासलेले, केस कोरडे, भुरभुरणारे. आमच्याकडे सणाला कोरडं डोकं म्हणजे घरात सुतक.

"बायको रडाले लागली, मास्तर. म्हने, सनाले डोस्क्याले तेल नाई, कोन मेलं?"

"मंग काय सांगतलं?"

"म्हटलं, कोनी मराले नोको म्हनून."